आधी वजनकाटा, मग अणू

राज्य मंडळाच्या आठवीच्या विज्ञानात ‘अणूचे अंतरंग’ हा पाठ आहे. डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर असे एकेक जण त्यात येऊन जातात आणि पाठ संपेपर्यंत मुले के, एल, एम या कवचांत इलेक्ट्रॉन भरायला लागलेली असतात. स्थिर प्रमाणाचा नियम (एका संयुगात घटक नेहमी ठरावीक वजनी प्रमाणातच असतात) मात्र त्यांना भेटतो तो पुढच्या वर्षी, नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात. अणू मुळात मानायचाच कशासाठी, हे कळायच्या वर्षभर आधी त्याच्या पोटात काय काय आहे ते पाठ झालेले असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. ती बदलताना हा क्रम उलटा करावा, आणि नुसता क्रम बदलून न थांबता अणूच्या पहिल्या पाठाला प्रत्येक गटाच्या हातात वजनकाटा द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

कारण अणुसिद्धांत काट्यावरच जन्मला. तो मांडणाऱ्यांपैकी कुणीही अणू पाहिलेला नव्हता आणि पुढची शंभर वर्षे कुणी पाहणारही नव्हते. त्यांच्या हाती होती ती फक्त वजने आणि वायूंची घनफळे.

फ्रेंच रसायनज्ञ लव्हाझिए याचा पाऱ्याचा प्रयोग घ्या. त्याने चार औंस पारा बाकदार नळीच्या पात्रात घेतला. नळीचे दुसरे तोंड पाऱ्यावर पालथ्या घातलेल्या काचेच्या घंटेत उघडत होते, त्यामुळे आतली हवा बाहेरच्या हवेपासून तुटलेली होती. पारा उकळबिंदूच्या जवळ ठेवून त्याने बारा दिवस भट्टी चालू ठेवली. पाऱ्यावर हळूहळू लाल कण साचले आणि सुमारे ५० घन इंच हवेची ४२-४३ घन इंच झाली. लाल पूड गोळा केली तर ती ४५ ग्रेन भरली. तीच पूड आणखी कडक तापवल्यावर ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घन इंच वायू निघाला. हवेतून जेवढे गेले, जवळपास तेवढेच परत आले. ४५ ग्रेनांतले ३.५ ग्रेन वायूचे, म्हणजे सुमारे ७.८ टक्के. आजच्या आकड्यांनी मर्क्युरिक ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन ७.४ टक्के असतो. फ्रेंच ग्रेन सुमारे ५३ मिलिग्रॅमचा, तेव्हा ही सगळी पूड जेमतेम २.४ ग्रॅम होती. एवढ्याशा पुडीवर, अठराव्या शतकातल्या काट्याने, अर्ध्या टक्क्याच्या आत अचूकता! पाठ्यपुस्तकात यातले काय उरते, तर ‘लव्हाझिएने द्रव्य अक्षय्यतेचा नियम मांडला’ हे एक वाक्य.

वस्तुमान टिकते एवढ्यावरून अणू सिद्ध होत नाही. द्रव्य खिरीसारखे सलग असते तरी तोलल्यावर ते तेवढेच भरले असते. अणूकडे जाणारी वाट निघते ती प्रमाणांतून, आणि तिथे मोठे भांडण झाले.

जोझेफ प्रूस्त हा फ्रेंच रसायनज्ञ तेव्हा स्पेनमध्ये काम करत होता. तांब्याच्या हिरव्या कार्बोनेटवर काम करून १७९९च्या सुमारास त्याने सांगितले की १०० भाग तांबे गंधकाम्लात विरघळवा नाहीतर नत्राम्लात, सोड्याने साका पाडा नाहीतर पोटॅशने, हिरवे कार्बोनेट दर वेळी १८० भागच मिळते. (आजच्या हिशोबाने हा आकडा १७४ येतो. त्याची पूड बहुधा थोडी ओली असावी.) खाणीतून निघालेल्या खनिजाचे आणि प्रयोगशाळेत बनवलेल्या पुडीचे घटकही त्याच प्रमाणात निघाले. क्लोद बर्तोलेला हे मान्य नव्हते. संयोगाचे प्रमाण परिस्थितीनुसार बदलते, कोणता पदार्थ किती घेतला आणि किती तापवला यावर ते ठरते, असे तो म्हणत होता. काच, मिश्रधातू, धातूंची ऑक्साइडे अशी उदाहरणे त्याच्याकडे होती. प्रूस्तचे उत्तर असे की ही मिश्रणे आहेत, किंवा एकाच धातूच्या दोन ऑक्साइडांची सरमिसळ आहे. वाद आठेक वर्षे चालला. तो सभ्यपणे आणि आकडे समोर ठेवून चालला, म्हणून मुलांसमोर ठेवावा असा आहे. शिवाय बर्तोले साफ चुकला होता असेही नाही. लोखंडाच्या एका ऑक्साइडमध्ये लोखंड ऑक्सिजनच्या मानाने थोडे कमीच भरते आणि ते प्रमाण खरोखर बदलते राहते. अशा संयुगांना पुढे बर्तोलेचेच नाव मिळाले.

मग डाल्टन. मँचेस्टरमध्ये शिकवण्या करून पोट भरणारा, क्वेकर या ख्रिस्ती पंथातला हा माणूस १७८७ पासून रोजच्या हवामानाची टिपणे ठेवत होता आणि १८४४ साली मरेपर्यंत ठेवत राहिला. त्याचा मूळ प्रश्न हवेचाच होता. हलके-जड वायू एकमेकांपासून वेगळे होऊन थर का धरत नाहीत? पाण्यात एक वायू जास्त आणि दुसरा कमी का विरघळतो? त्याचे उत्तर शोधताना त्याला कणांच्या वजनाची गरज पडली आणि ६ सप्टेंबर १८०३ रोजी त्याच्या वहीत अणूंच्या सापेक्ष वजनांचा पहिला तक्ता उतरला.

हा तक्ता कसा बनला ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. पाण्यात १५ भाग हायड्रोजन आणि ८५ भाग ऑक्सिजन असे लव्हाझिएचे विश्लेषण होते. ८५ ला १५ ने भागले की ५.६६ येतात. हायड्रोजनचा अणू १ धरला तर ऑक्सिजनचा अणू ५.६६; पण कधी, तर पाण्याच्या कणात दोन्हींचा एकेकच अणू असेल तर. तो एकेकच आहे हे डाल्टनला कसे कळले? कळले नव्हतेच. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक समजावे, असा नियम त्याने स्वतःच घालून घेतला होता. अमोनियालाही तोच न्याय लावला. १८०८च्या ग्रंथात विश्लेषण सुधारले आणि ऑक्सिजन ७ झाला. अचूक विश्लेषणाने तो ८ येतो. पण आकडा कितीही सुधारा, ८ की १६ हा प्रश्न तसाच राहतो. एकास आठ या वजनाच्या प्रमाणात ‘एक हायड्रोजन, आठ वजनाचा एक ऑक्सिजन’ बसतो आणि ‘दोन हायड्रोजन, सोळा वजनाचा एक ऑक्सिजन’ही तितकाच चपखल बसतो. नुसता वजनकाटा इथे निकाल देऊ शकत नाही. नववीच्या मुलाला हा पेच पाच मिनिटांत समजतो. त्याला तो घालतच नाहीत, कारण एचटूओ त्याला पाचवीपासून तोंडपाठ असते.

डाल्टनच्या बाजूने सगळ्यात जोरदार साक्ष होती गुणित प्रमाणांची: तीच दोन मूलद्रव्ये एकाहून जास्त प्रकारे जुळली तर त्यांची प्रमाणे दुप्पट, तिप्पट अशी पूर्ण पटींत बदलतात. १०० माप हवेत नायट्रिक ऑक्साइड मिसळताना त्याला दिसले की अरुंद नळीत हवेतला ऑक्सिजन ३६ माप वायू घेऊन संपतो आणि पाण्यावरच्या पसरट भांड्यात ७२ माप. बरोबर दुप्पट, मधले काही नाही. मात्र हा प्रयोग पुढे ज्यांनी पुन्हा करून पाहिला त्यांना ३६ आणि ७२ इतक्या सहजी मिळाले नाहीत. नळीची रुंदी, मिसळायचा वेग, पाण्याशी येणारा संपर्क यांनुसार मधले आकडेही येतात. डाल्टनच्या डोक्यात पूर्ण संख्यांची अपेक्षा आधीच होती आणि त्या अपेक्षेने त्याला योग्य दोन टोकांशी नेले. १८०४ मध्ये त्याने दलदलीतून निघणारा मिथेन आणि एथिलीन हे दोन वायू तपासले. तेवढ्याच कार्बनमागे मिथेनमध्ये एथिलीनच्या दुप्पट हायड्रोजन निघाला. हा पुरावा जास्त पक्का ठरला.

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या डाल्टनच्या गृहीतकांतून ही सगळी चाचपड गळून जाते आणि उरतात चार-पाच वाक्ये. त्यातली दोन तर आज खोटी ठरलेली आहेत: अणू अविभाज्य आहे, आणि एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारख्याच वस्तुमानाचे असतात. मुले ती पाठ करतात, लगेच पुढच्या परिच्छेदात त्यांतल्या त्रुटी पाठ करतात आणि दोन्हींवर गुण मिळवतात. त्रुटी असूनही हा सिद्धांत टिकला कसा, हा खरा प्रश्न तसाच राहून जातो.

आता आपल्याकडचा एक वाद. डाल्टनच्या कितीतरी आधी कणादांनी अणू शोधला, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू ते सगळे भाकड म्हणून उडवून लावते. कणादांचे वैशेषिक दर्शन यापेक्षा गंभीरपणे वाचायला हवे. पृथ्वी, आप, तेज, वायू यांचे परमाणू. दोन परमाणूंचे द्व्यणुक. तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, जे कवडशात तरंगणाऱ्या धुळीच्या कणाएवढे म्हणून दिसू शकते. परमाणू मानण्यामागचे कारणही नेटके आहे: वस्तू कितीही वेळा विभागता आली तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा दोन्ही सारखेच अनंत भागांचे ठरतील. भट्टीत मडक्याचा रंग बदलतो तेव्हा सुटे परमाणू बदलतात की अख्खे मडके बदलते, यावर वैशेषिक आणि नैयायिक (न्यायदर्शन मानणारे) पिढ्यान्‌पिढ्या भांडले. प्रश्न अस्सल रसायनाचा होता, पण लढला गेला तर्काने. ग्रीसच्या डेमॉक्रिटसचेही तसेच. दोघांच्याही परमाणूला वजनाचा आकडा नव्हता, त्यामुळे तो चूक ठरण्याची सोय नव्हती. डाल्टनच्या ऑक्सिजनला ५.६६ हा आकडा होता. तो चूक होता आणि म्हणूनच दुरुस्त होऊ शकला.

काटा आपल्याकडे नव्हता म्हणावे तर तेही खरे नाही. सोनार गुंजेपर्यंत तोलत होता आणि वैद्य पाऱ्या-गंधकाची भस्मे मापून करत होता. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली भारतीय रसायनाच्या इतिहासाचा पहिला खंड लिहिला आणि त्यात दुखण्यावर नेमके बोट ठेवले: कारागिरी जातींत बंदिस्त झाली, विचार करणारा वर्ग हाताच्या कामापासून तुटला, आणि ‘कसे’ व ‘का’ विचारणारे हातच उरले नाहीत. राय स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते, प्राचीन रसविद्येबद्दल त्यांना मनापासून अभिमान होता, आणि तरीही त्यांनी हे लिहिले. ज्या शाळेत गृहीतके लिहिण्याला गुण असतात आणि तोलण्याच्या तासाला वही उतरवून काढली जाते, ती शाळा हीच ताटातूट रोज नव्याने करत असते. कणादांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर या मागणीत सगळ्यांच्या पुढे असायला हवे.

मग वर्गात करायचे काय? लव्हाझिएचा पारा विषारी, तो शाळेत नकोच. मोरचूद घ्यावे. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी वापरतात तेच निळे खडे, फक्त प्रयोगशाळेच्या दर्जाचे. तेही पोटात गेले तर विषारी, म्हणून स्वयंपाकाचे कोणतेही भांडे वापरायचे नाही, डोळ्यांवर चष्मा हवा आणि शेवटी हात धुवायचे.

खडे आधी बारीक कुटावेत. मोठा खडा तापल्यावर तडतडून बशीबाहेर उडतो आणि वजन फुकट कमी दिसते. चिनी मातीची बशी आणि ढवळायची काचेची कांडी एकत्र तोलावी, कारण कांडीला चिकटलेली पूडही हिशोबात धरायची आहे. त्यात २.५० ग्रॅम मोरचूद घ्यावे. जाळीवर ठेवून मंद आचेवर ढवळत राहिले की निळा रंग फिकट होत पांढुरका होतो. थंड करून तोलावे, पुन्हा तापवावे, पुन्हा तोलावे. लागोपाठ दोन वजने सारखी आली की थांबावे. १.६० ग्रॅम यायला हवे. गेलेले पाणी ०.९० ग्रॅम, म्हणजे ३६ टक्के. वर्गातल्या आठ गटांनी वेगवेगळी वजने घेऊन हेच केले तरी टक्केवारी ३६ च्या आसपासच येते. हा झाला प्रूस्तचा नियम, हाताने मिळवलेला.

पुढची पायरी जास्त मोलाची आहे. दुसरी २.५० ग्रॅमची बशी १५० अंशांच्या आत ठेवलेल्या प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवावी. ओव्हन नसेल तर वाळूची परात आणि तापमापी. वजन उतरत उतरत १.७८ ला येते आणि तिथेच थबकते. आणखी तासभर ठेवा, हलत नाही. तीच बशी दोनशे-अडीचशे अंशांवर नेली की पुन्हा उतरते आणि १.६० ला थांबते. म्हणजे १.६० ग्रॅम कोरड्या क्षारामागे एकदा ०.१८ ग्रॅम पाणी आणि एकदा ०.९० ग्रॅम. एकास पाच. एकास साडेचार का नाही? पाणी आणि क्षार दोन्ही सलग असते तर वजन कुठेही थांबू शकले असते. थांबे पूर्ण संख्यांवर येतात, याचे सगळ्यात सोपे स्पष्टीकरण म्हणजे दोन्ही मोजता येण्याजोग्या नगांत आहेत. अणू इथे लागतो. मुलाला तो इथे भेटू द्यावा.

एखादा गट घाईने मध्येच बशी काढेल आणि २.१० घेऊन येईल. त्या गटाला रागवू नये. तो आकडा म्हणजे बर्तोलेची बाजू आहे: बघा, मधलेही प्रमाण मिळते! मग वर्गाला विचारावे की २.१० चा हा पदार्थ एक संयुग आहे की दोहोंचे मिश्रण, आणि हे ओळखायचे कसे. तेच तापमान ठेवून आणखी वेळ द्यायचा. मिश्रण असेल तर वजन उतरत राहील, संयुग असेल तर थांबेल. प्रूस्त आणि बर्तोलेचे आठ वर्षांचे भांडण असे एका तासिकेत उभे राहते.

आणखी कुठे चुकते तेही आधीच माहीत असावे. बशी गरम असताना तोलली तर वर चढणाऱ्या गरम हवेमुळे काटा कमी दाखवतो. उघडी ठेवून थंड केली तर कोरडा क्षार हवेतली वाफ परत ओढतो आणि वजन वाढते. पावसाळ्यात कोकणात तर हे झपाट्याने होते. म्हणून झाकण हवे, जमल्यास डेसिकेटर, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारे बंद भांडे. आच फार वाढली तर पूड कडेने काळपट होते आणि उग्र वाफा येतात; तेव्हा पाणी जाऊन सल्फेटच फुटू लागलेले असते आणि वजन १.६० च्या खाली जाते. मॅग्नेशियमची फीत मुशीत जाळण्याचा नेहमीचा प्रयोगही अशाच बारीकसारीक कारणांनी फसतो. पांढरा धूर निसटतो, आणि थोडे मॅग्नेशियम ऑक्सिजनऐवजी नायट्रोजनशी जुळते. त्यामुळे २४ भागांचे ४० व्हायचे ते कमीच भरतात. थंड झाल्यावर दोन-चार थेंब पाणी घालून पुन्हा तापवले की नायट्राइडचे ऑक्साइड होते आणि आकडा सुधारतो. अमोनियाचा हलका वास येतो, तो त्या नायट्राइडचा पुरावा.

खर्चाचा आक्षेप आता टिकत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा, २०० ग्रॅमपर्यंत तोलणारा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. ०.९० ग्रॅमच्या फरकात एक-दोन शतांश इकडे-तिकडे झाले तरी चूक दोन टक्क्यांच्या आसपास राहते. एकास पाच आणि एकास चार ओळखायला एवढे पुरे. वेळेचा आक्षेप खरा आहे. याला तीन-चार तासिका लागतात. त्या आठवीतले इलेक्ट्रॉन संरूपण नववीत ढकलून मिळवाव्यात. आठवीच्या मुलाचे त्यावाचून काही अडत नाही.

ज्यांना वाटते की इतिहासाच्या आडवाटेने नेण्यापेक्षा बरोबर उत्तर सरळ सांगावे, त्यांनी ८ की १६ या पेचाचे पुढे काय झाले ते आठवावे. दोन घनफळे हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन मिळून पाणी होते हे गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये मांडले. डाल्टनने ते मानले नाही. ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये वाट दाखवली: सारख्याच तापमानाला आणि दाबाला वायूंच्या समान घनफळांत रेणूंची संख्या सारखीच असते. जवळजवळ कुणी लक्ष दिले नाही. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला युरोपभरचे रसायनज्ञ जमले तोपर्यंत कार्बनचा अणू ६ की १२ यावरही एकमत नव्हते. तिथे इटालियन रसायनज्ञ कॅनिझारोची, ॲव्होगॅड्रोचीच वाट पुढे नेणारी पत्रिका वाटली गेली. त्याची पद्धत मुलांना तक्त्यावरून करता येते: एकेका वायूच्या घनतेवरून रेणूचे वजन काढा आणि त्यात ऑक्सिजनचा वाटा किती ते पाहा. पाण्याच्या वाफेत १८ पैकी १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये २८ पैकी १६, कार्बन डायऑक्साइडमध्ये ४४ पैकी ३२, सल्फर डायऑक्साइडमध्ये ६४ पैकी ३२. आठ कुठेच येत नाही. मग अणू सोळाचा, आणि पाणी दोन हायड्रोजनांचे. जगातल्या उत्तमोत्तम रसायनज्ञांना इथवर यायला पन्नास वर्षे लागली. चौदा वर्षांच्या मुलाला त्यासाठी दोन तासिका मिळायला हरकत नसावी.

राहता राहिली परीक्षा, आणि खरी अडचण तिथेच आहे. जोवर प्रात्यक्षिकाचे गुण पुस्तकातल्या आकड्याशी जुळण्याला मिळतात तोवर प्रत्येक वहीत १.६० च येणार, बशी तापो न तापो. गुणदान असे बदलावे: काट्यावर दिसलेला आकडा जसाच्या तसा, प्रत्येक तोलण्याची वेळ, आणि फरकाचे कारण. ‘१.६६, थंड होताना झाकले नव्हते’ लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण गुण. ‘१.७८ ला थांबले, आच कमी पडली असावी, एक पाणी उरले’ लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण. आणि सगळ्या गटांचे आकडे शतांशापर्यंत एकसारखे आले, तर परीक्षकाने एक बशी पुन्हा तोलायला लावावी.